बाबा, तीनवर!

आधी हा आवाज ऐका. हा माझ्या भावाचा खोकला. नुसतं ‘ह्क’ होतं आणि कफ आहे तिथेच घुरघुरत राहतो. ऐरोलीतलं आमचं घर, सकाळचे साडेसहा, बाहेर पाऊस.

भावाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा जन्मजात आजार. बघणाऱ्याला वाटतं फुप्फुसं गेली, पण तसं नाहीये, फुप्फुसं बरी आहेत, त्यांना हलवणारे स्नायू थकलेत. खोकायला आधी छाती भरून श्वास लागतो, मग घसा क्षणभर गच्च बंद व्हावा लागतो आणि मग पोटाने जोरात धक्का द्यावा लागतो. निरोगी मोठ्या माणसाच्या खोकल्यात हवा मिनिटाला ३६० लिटरपेक्षा जास्त वेगाने सुटते. हा वेग २७० च्या खाली गेला की साधी सर्दीसुद्धा छातीत उतरून जिवावर बेतू शकते, आणि १६० च्या खाली तर खोकून काही बाहेरच येत नाही. दमेकरी ज्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकतात ना, त्यातच खोकायचं, आकडा कळतो. इतकी साधी तपासणी, पण आम्हाला कितीतरी वर्षं कोणी सांगितलीच नव्हती.

मागे एकदा सर्दी झाली तेव्हा एका हॉस्पिटलमध्ये त्याला ऑक्सिजन लावला आणि खोकला दाबायचं सिरप दिलं. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडा छान ९८ दिसायचा, आम्ही खूश, आणि आत कफ साचत होता, कार्बन डायऑक्साइड वाढत होता, पोरगं दिवसभर नुसतं झोपून. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

नंतर एका फिजिओताईंनी आईला हे शिकवलं. नीट बघा. आई बांगड्या वर सरकवते, तळवे एकमेकांवर घासून गरम करते. ही अँबू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, तिला एकाच बाजूने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह आहे, त्यातून ती एक श्वास देते, तो सोडायचा नाही, त्यावर दुसरा, मग तिसरा, छाती फुगलेली दिसतेय बघा. मग बॅग बाजूला, दोन्ही तळवे बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली, छातीच्या हाडाच्या टोकावर अजिबात नाही. एक, दोन, तीन, तो खोकतो आणि त्याच क्षणी ती आत आणि वरच्या दिशेने दाबते. आणि हा बघा, कफ टिश्यूत. ऑक्सिमीटर ९२ वरून ९६, आणि या वेळी ऑक्सिजन लावलेला नाही.

जेवल्यावर निदान तासदीड तास हे करायचं नाही, बरगडी मोडलेली असेल किंवा पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि हा व्हिडिओ बघून तर मुळीच करू नका, फिजिओकडून हाताला हात लावून शिका, तेही पहिली सर्दी व्हायच्या आधी. पाठीचा कणा खूप वाकलेला असेल तर हाताने नीट जमत नाही, तेव्हा मशीन असते, मास्कमधून हवा आत ढकलते आणि लगेच बाहेर खेचते. महाग आहे, काही जण भाड्याने घेतात.

गणपतीला आईला गावी जायचंय, म्हणून आता बाबा शिकतायत. रबाळ्याच्या एमआयडीसीतली नाइट शिफ्ट करून आले की आंघोळ करून थेट पलंगाशी. त्यांचा धक्का अजून खोकल्याच्या मागून येतो.

‘बाबा, तीनवर,’ भाऊ सांगतो. ‘तीननंतर नाही.’

बाबा पुन्हा तळवे ठेवतात.