पुस्तक बदलायला जाताना

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरात 'लायब्ररीत जातो' असं कुणी म्हणत नसे. 'पुस्तक बदलून येतो' असं म्हणायचे. नाशिकला सार्वजनिक वाचनालय आहे 1840 सालापासून, म्हणजे देशात पहिली आगगाडी धावली त्याच्या तेरा वर्षं आधीपासून. आपण नाशिककर त्याला लाडानं सावाना म्हणतो. आमचं कार्ड मात्र रविवार कारंजाजवळच्या एका छोट्या लायब्ररीचं होतं. तिथं एका वेळी एकच पुस्तक मिळायचं आणि घरात वाचणारे चौघं. त्यामुळे आणायला जो जाईल त्याच्या आवडीचं पुस्तक घरी यायचं आणि बाकीच्या तिघांनी ते निमूट वाचायचं. माझं सगळं वाचन या अडचणीतून झालं.

वडील गेले की रहस्यकथा यायची. बाबूराव अर्नाळकर! हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस, पण भाषणात आवडत्या लेखकांची नावं सांगताना त्यांचं नाव कुणी घेताना मी ऐकलेलं नाही. वडीलसुद्धा पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचे. खरं सांगू? कुठल्या ओळीवर प्रकरण तोडलं की वाचणाऱ्याची झोप उडते, हे मला त्या कव्हरातल्या पुस्तकांनी शिकवलं. पुढे मोठमोठ्या कादंबऱ्यांत चाळीस पानं काहीच घडेना, तेव्हा बाबूरावांची फार आठवण व्हायची.

आई गेली की इतिहास यायचा. थोरल्या माधवराव पेशव्यांवरची रणजित देसाईंची 'स्वामी' तिनं आणली आणि रोज दुपारी आजीला मोठ्यानं वाचून दाखवली. थेऊरला माधवराव जातात तो भाग आला तेव्हा दोघी रडत होत्या आणि चुलीवरचं दूध उतू गेलं होतं. मला ओढ लागली ती माधवरावांच्या काकांची, राघोबादादांची. कारण ते आपले शेजारी! गंगापूर रोडवरचं आनंदवल्ली हे गाव मूळचं चावंडस, राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई, त्यांच्या नावावरून त्याचं आनंदवल्ली झालं. मी सायकल काढली आणि थेट तिथं गेलो. नदीकाठी उभं राहून पुतण्यावर रुसलेला काका डोळ्यांपुढे आणायचा बराच प्रयत्न केला. म्हशी डुंबत होत्या, त्यामुळे जमलं नाही.

आणि मग दादा पुण्याहून सुट्टीला आला, तो 'कोसला' घेऊन. मुखपृष्ठ गळालेलं, होस्टेलमधल्या दहा-बारा हातांतून फिरलेलं. काही पुस्तकं खपतात आणि काही पुस्तकांचा पंथ होतो. भालचंद्र नेमाड्यांच्या या कादंबरीची लोकांनी अक्षरशः माळ घातली. दादा तर बोलायलाच तसा लागला, वाक्यावाक्याला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. दोन दिवस आईनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी पोळी हातात धरून विचारलं, "वाढू का वगैरे?"

मी चाळीसेक पानं वाचून ते मिटून ठेवलं. हा कसला नायक, काहीच करत नाही! पण पावसाळ्याचे दिवस, बाहेर जाता येईना आणि घरात दुसरं पुस्तक नाही. पुन्हा उघडलं. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापाशी आलो आणि माझं तोंडच बंद झालं.

तेव्हा एक गंमत लक्षात आली. 'स्वामी' 1962 सालची, 'कोसला' 1963 सालची. एकीत सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं अंगावर पडलेला मुलगा, जो सत्ताविसाव्या वर्षी संपतो. दुसरीत पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर, खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला आणि हात हलवत परतलेला. एकानं वडिलांच्या मागे सगळं ओझं खांद्यावर घेतलं, दुसऱ्याला वडिलांचं काहीच नको आहे. एकाच महिन्यात दोन्ही वाचल्यामुळे मला माधवराव थकलेला दिसायला लागला आणि पांडुरंगाच्या थट्टेमागचं रडू ऐकू यायला लागलं. 'कोसला'वाले 'स्वामी'ला नाक मुरडतात, 'स्वामी'वाल्यांना 'कोसला' म्हणजे पोरकटपणा वाटतो. दोघांनीही दुसऱ्याचं पुस्तक पुरतं वाचलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे. आणि त्या पंथाच्या पुस्तकाच्याही आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्याच की!

पण एक गोष्ट सांगायला हवी. त्याच 1963 साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. लेखक बाबूराव बागूल. गाव कुठलं? विहितगाव. आपल्या नाशिक रोडला लागून असलेलं, सिटी बसनं जाता येईल असं. पुण्याच्या पेशव्यांसाठी आमच्या आईनं दूध उतू घालवलं, पुण्याच्या होस्टेलातलं दुःख दादानं घरात आणलं, पण विहितगावची ही कथा आमच्या कार्डावर कधी आली नाही. चौघं वाचणारे, चार तऱ्हेच्या आवडी, तरी चौघांच्याही हाताला ती लागली नाही. मी पस्तिशीत वाचली, तीही बदली होऊन आलेल्या एका सहकाऱ्यानं टेबलावर आणून ठेवली म्हणून. एका बैठकीत दोन कथा वाचल्या, तिसरीला धीर झाला नाही. घरी जाऊन आईला दिली. तिनं चार दिवस घेतले आणि परत देताना एवढंच विचारलं, "ही इतकी वर्षं कुठं होती?"

आता घरात प्रत्येकाचा फोन वेगळा, पुस्तकं वेगळी, ज्याची त्याची आवड ज्याच्या त्याच्या खोलीत. म्हणून हल्ली मी पुस्तक बदलायला जाताना नातीला बरोबर नेतो आणि निवड तिच्यावर सोडतो. परवा तिनं भुताची कादंबरी काढली. चांगली जाडजूड, मुखपृष्ठावर विहीर. मला भुतं आवडत नाहीत, या वयात तर मुळीच नाही. पण काल रात्री एक वाजता मी पान एकशे बाराव्यावर होतो आणि स्वयंपाकघरातला दिवा मुद्दाम चालू ठेवला होता.

तिचं आधीच वाचून झालंय. सकाळपासून मागे लागली आहे, "आजोबा, विहिरीत कोण असतं ते सांगू का?"

मी म्हटलं, खबरदार!

नमस्कार.