दांड्यावरची एक साखर

दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे गेलं की रक्ताचा रिपोर्ट येतो आणि त्यातल्या एका ओळीला डॉक्टर पेनाने गोल करतात. इओसिनोफिल. "वाढलेत बरं का," म्हणतात आणि ॲलर्जीची गोळी लिहून देतात. मंडळी, आजचं व्याख्यान त्या गोल केलेल्या ओळीवरच आहे.

इओसिनोफिल ही रक्तातली एक पांढरी पेशी. 1879 साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी ती रंगवून दाखवली. इओसिन नावाच्या रंगाने तिच्यातले दाणे लालभडक दिसतात. ते दाणे म्हणजे नुसती नक्षी नव्हे, विषारी प्रथिनं तिथे ठासून भरलेली असतात. जंतासारखा शत्रू एका पेशीला गिळता येत नाही. मग निदान त्याच्या अंगावर हे ओतायचं. दम्याच्या काही पेशंटमध्ये मात्र हाच माल श्वासनलिकेच्या अस्तरावर सांडतो. अस्तर सोलवटतं, सुजतं, चिकट कफाचे बोळे अडकून बसतात.

इओसिनोफिल तयार होतात आणि तगून राहतात ते मुख्यतः इंटरल्युकिन-5 या प्रथिनाच्या जोरावर. तेव्हा पहिला विचार आला तो रसद तोडण्याचा. मेपोलिझुमॅब ही अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन, इंटरल्युकिन-5 लाच धरून ठेवते. 2000 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिच्या एका चाचणीचा निकाल आला: रक्तातले इओसिनोफिल उतरले, दमा होता तिथेच. बऱ्याच जणांनी इओसिनोफिलची निर्दोष सुटका करून टाकली. मग 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लहान अभ्यास आले, एक इंग्लंडमधल्या लेस्टरचा, दुसरा कॅनडातल्या हॅमिल्टनचा. औषध तेच, पण पेशंट निवडून घेतलेले: ज्यांच्या कफातच इओसिनोफिल सापडतात असे. त्यांचे अटॅक कमी झाले. या यशाचं निम्मं श्रेय मी औषधाला देईन आणि निम्मं सूक्ष्मदर्शकाखाली कफ बघत बसलेल्या माणसांना. कफ तपासणं हे काही कुणाच्या आवडीचं काम नाही.

पण रसद तोडली तरी गडावर थोडी शिबंदी उरतेच. ती साफ करायला जी अँटिबॉडी आली, तिच्यासाठी मी आज मुद्दाम जास्त वेळ ठेवलाय. तिचं नाव बेनरालिझुमॅब.

अँटिबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरचे दोन हात लक्ष्य पकडतात. बेनरालिझुमॅबचे हात इंटरल्युकिन-5 ला हात लावत नाहीत. ते इओसिनोफिलवर इंटरल्युकिन-5 साठी जी जागा असते, तीच धरतात. खालचा दांडा मोकळा राहतो, आणि खरी कारागिरी त्या दांड्यात आहे. दांड्याच्या दोन्ही साखळ्यांवर 297 व्या स्थानी साखरेच्या रेणूंची एकेक बारीक फांदी असते. तिच्या बुडाशी सहसा फ्यूकोज नावाची साखर असते. आपल्या रक्तातल्या नॅचरल किलर पेशी, म्हणजे इतर पेशींना मारणाऱ्या पेशी, हा दांडा धरू बघतात तेव्हा नेमकं फ्यूकोज मध्ये येतं आणि पकड सैल राहते. ते काढलं की पकड कित्येक पटींनी घट्ट होते.

आता एवढीशी साखर काढायची कशी? अँटिबॉडी कारखान्यात चिनी हॅम्स्टरच्या पेशींकडून बनवून घेतात. जपानच्या क्योवा हाक्को कंपनीतल्या संशोधकांनी या पेशींमधल्या फ्यूकोज चिकटवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी केल्या. पेशी छान वाढतात, अँटिबॉडी बनवतात, फक्त फ्यूकोज लावणं त्यांना जमत नाही.

पुढचा भाग मला फार आवडतो. दांडा घट्ट धरलेली किलर पेशी इओसिनोफिलच्या आवरणाला सूक्ष्म भोकं पाडते आणि आत ग्रॅन्झाइम नावाची मारक प्रथिनं सोडते. इओसिनोफिल फुटत नाही. तो आतल्या आत आवरतं घेत मरतो आणि मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला दाण्यांसकट गिळून टाकतात. तो फुटला असता तर सगळं विष पुन्हा फुप्फुसातच सांडलं असतं. पहिल्या डोसनंतर साधारण दिवसभरात रक्तातले इओसिनोफिल जवळपास शून्यावर येतात.

अमेरिकेत 2017 च्या नोव्हेंबरमध्ये बेनरालिझुमॅबला मंजुरी मिळाली. 30 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, पहिली तीन दर चार आठवड्यांनी, नंतर आठ आठवड्यांनी. रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटच्या चाचणीत गोळ्यांचा डोस मध्यकाच्या हिशेबाने 75 टक्के उतरला, नुसतं पाण्याचं इंजेक्शन मिळालेल्यांत 25 टक्के. वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड खाऊन चेहरा सुजलेला, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ झालेली माणसं ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना या आकड्याचं मोल मी सांगायला नको.

आता उलटी बाजू. अन्ननलिकेत इओसिनोफिल साठून घास अडकतो, असा एक आजार आहे. तिथेही हे औषध देऊन पाहिलं. 2024 मध्ये निकाल आला: सुमारे 87 टक्के पेशंटच्या अन्ननलिकेतून त्या पेशी हटल्या आणि घास मात्र पूर्वीसारखाच अडकत राहिला. म्हणजे जागेवर सापडला तो प्रत्येक वेळी गुन्हेगार असतोच असं नाही. मला हा फसलेला प्रयोग कित्येक यशस्वी प्रयोगांपेक्षा मोलाचा वाटतो.

आपल्याच पेशीला बोलावून काम करून घेण्याची ही कल्पना आता संधिवातापर्यंत पोचली आहे. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ब्लिनाटुमोमॅब हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध, एका टोकाने अँटिबॉडी बनवणाऱ्या वंशातली बी पेशी आणि दुसऱ्याने मारेकरी टी पेशी धरणारं, हट्टी संधिवाताच्या सहा पेशंटना दिलं. सूज उतरली. पण सहाच पेशंट. इतक्यात ढोल वाजवू नयेत.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात. एकांनी विचारलंय, इओसिनोफिल वाढलेत, तर हे इंजेक्शन मागावं का? आपल्याकडे आधी जंत बघा. पोटातले जंत असतील, विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात फायलेरियामुळे होणारा खोकला असेल. त्याला साध्या डायइथाइलकार्बामाझिनच्या गोळ्या पुरतात. शिवाय जंत असताना इओसिनोफिल काढून घेणं बरं नाही, म्हणून आधी जंतांवर उपचार करतात.

दुसरी चिठ्ठी: इंजेक्शन सुरू झाल्यावर पंप बंद करायचा का? नाही. पंप चालू ठेवायचा. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने एकदम थांबवायच्या नाहीत. अनेक महिने गोळ्या घेतल्या की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. डॉक्टर डोस उतरवतील तसतशा त्या जाग्या होतात.