भट्टीच्या मापाने डेटा सेंटर

सकाळचे सात वाजले आहेत. तिसऱ्या रेल्वे गेटचा उड्डाणपूल ओलांडून खानापूर रस्त्याने बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडे निघालेल्या दुचाकींची ही रांग रोजची आहे. अनगोळ, मजगाव, पिरनवाडी, मच्छे आणि यळ्ळूर येथून, खानापूर तालुक्यातील खेड्यांतून, तसेच सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातूनही कामगार येथे येतात, आणि हँडलला अडकवलेल्या डब्यांकडे पाहिले तर कोण पहिल्या पाळीचा आणि कोण जनरल पाळीचा, हे जाणकाराला लगेच ओळखता येते.

आपण एका लहान फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, आलो आहोत. समोर इंडक्शन भट्टी आहे. तिच्यात ज्वाळा दिसत नाही. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज वाहते, एक जाड गुणगुण ऐकू येते आणि भंगार व कच्चे लोखंड हळूहळू खाली बसत जाते. पारा 1,400 अंशांच्या पुढे गेला की वर तरंगणारी मळी लांब दांड्याने काढली जाते, आणि मग आधीच तापवून ठेवलेल्या लॅडलमध्ये, म्हणजे ओतण्याच्या भांड्यात, लोखंडाचा रस उतरतो. या माहितीपटातील पुढचे दृश्य आम्ही मुद्दाम न कापता ठेवले आहे. दोन मोल्डर, म्हणजे साच्याचे कारागीर, लॅडल उचलून साच्यापर्यंत येतात, एकाच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर दुसरा हात कलता करतो आणि साचा भरेपर्यंत धार तुटू देत नाही. कारण धार तुटली तर कास्टिंगमध्ये सांधा राहतो आणि पूर्ण नग भंगारात जातो. वितळण चालू असताना वीज गेली आणि लवकर आली नाही, तर रस भट्टीतच थिजतो. तो फोडून काढण्यात वेळ जातो आणि भट्टीचे अस्तरही खराब होते. त्यामुळे वीज हा येथे मासिक बिलापुरता विषय नाही.

एक टन लोखंड वितळवण्यासाठी अशा भट्टीला साधारण 600 युनिट वीज लागते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण विजेचे पुढचे हिशेब आम्ही याच मापाने करणार आहोत.

डेटा सेंटरला, म्हणजे माहिती साठवणाऱ्या आणि पुरवणाऱ्या सर्व्हर संगणकांच्या केंद्राला, औद्योगिक वसाहतीत जागा द्यावी काय, हा प्रश्न आता महानगरांपुरता राहिलेला नाही. कर्नाटकाने 2022 ते 2027 या काळासाठी स्वतंत्र डेटा सेंटर धोरण आखले आहे. 2022 मध्येच केंद्र सरकारने 5 मेगावॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या डेटा सेंटरना पायाभूत सुविधांच्या यादीत स्थान दिले. बेळगाव हे मुंबई आणि बेंगळूर यांच्यामध्ये, दोन्हीकडून सुमारे 500 किलोमीटरवर आहे, महामार्गावर आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. ज्या हवेमुळे या गावाला गरिबांचे महाबळेश्वर म्हटले गेले, ती हवा सर्व्हरनाही मानवते.

आता पडद्यावर ठाणे-बेलापूर पट्टा आहे. रबाळे, महापे आणि ऐरोलीच्या या औद्योगिक क्षेत्रात एकेकाळी रासायनिक कारखान्यांची धुराडी होती. त्यांतील अनेक कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी आयटी पार्क व डेटा सेंटर उभी राहिली. जिला खिडक्या जवळजवळ नाहीत अशी ही राखाडी इमारत पाहावी. आत चित्रीकरणाची परवानगी आम्हाला मिळाली नाही, म्हणून या माहितीपटात आतला एकही क्षण नाही. जे दिसते आहे ते कुंपणाबाहेरून. गच्चीवरचे पंखे, मागच्या बाजूला ओळीने मांडलेले डिझेल जनरेटर आणि दारावरचे दोन सुरक्षारक्षक, एवढेच अर्ध्या दिवसात टिपता आले.

आत जे चालते ते समजण्यास मात्र कठीण नाही. सर्व्हर वीज घेतात, आणि घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतात. फाउंड्रीत हीच उष्णता लोखंडात शिरून त्याचा पंप किंवा व्हॉल्व्ह होतो, आणि येथे ती निव्वळ घालवून द्यायची असते. 1 मेगावॉटचे, म्हणजे 1,000 किलोवॉटचे, सर्व्हर दिवसभर पूर्ण भाराने चालले तर 24,000 युनिट खर्च होतात, म्हणजे आपल्या भट्टीच्या मापाने 40 टन लोखंडाचा रस. केंद्र सरकारच्या यादीत बसणारे किमान 5 मेगावॉटचे डेटा सेंटर धरले तर रोज 200 टन, आणि तेही रविवार, दिवाळी किंवा गणेशोत्सवाची सुटी न घेता. थंडाव्यासाठी लागणारी वीज यात धरलेली नाही.

थंडावा देण्याचे दोन ठळक मार्ग आहेत. पहिला पाण्याच्या बाष्पीभवनाचा. 1 लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 2.4 मेगाज्यूल उष्णता घेऊन जाते. त्या हिशेबाने 1 मेगावॉट उष्णता दिवसभर अशा रीतीने घालवायची तर सुमारे 36,000 लिटर पाणी उडून जाते. शहरात दरडोई 135 लिटरचा निकष धरला तर हे पाच माणसांच्या पन्नासहून अधिक घरांचे एका दिवसाचे पाणी झाले. दुसरा मार्ग बंद नळ्यांतून पाणी खेळवण्याचा आणि पंख्यांनी उष्णता हवेत सोडण्याचा. त्यात पाणी फारसे लागत नाही, पण वीज जास्त लागते. यांतील कोणता मार्ग निवडला जाणार, हे डेटा सेंटरसाठी जागा मागणाऱ्या अर्जदाराला पहिल्याच दिवशी विचारले पाहिजे. आमच्या मते जमिनीच्या दरापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

बेळगावच्या हवेचा लाभ खरा आहे, पण तो बारमाही नाही. हिवाळ्यातील रात्री बाहेरची हवा गाळून आत घेतली तरी बरेच काम भागते. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र पाण्याचा आधार घ्यावासा वाटतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशय असा दिसतो. भेगाळलेला काठ, पाण्याबाहेर आलेले खडक आणि उघडी पडलेली मोजपट्टी यांवर निवेदनाची गरज नाही. पावसाने ओढ दिली की मृतसाठ्यातून उपसा करण्याची वेळ शहरावर येते, हे बेळगावकरांनी पाहिले आहे. घटप्रभेवरील हिडकल धरण 51 टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) आहे खरे, पण त्याच्यावर शेतीचा हक्क आधीचा आहे, आणि त्याचे पाणी धारवाडच्या औद्योगिक क्षेत्राकडे नेण्यास येथे विरोध झालेला आहे.

मार्ग नाही असे नव्हे. नवी मुंबई महापालिकेने सांडपाण्यावर प्रगत प्रक्रिया करून ते औद्योगिक क्षेत्राला पुरवण्याची योजना राबवली आहे. आपल्याकडे हलग्याचा सांडपाणी प्रकल्प आहे, ज्याच्या जमिनीसाठी तेथील शेतकऱ्यांनी दीर्घकाळ लढा दिला. डेटा सेंटरला पिण्याचे पाणी नाही, प्रक्रिया केलेलेच मिळेल, अशी अट भूखंडाच्या करारातच हवी. नंतर काढलेल्या परिपत्रकाला कोणी विचारत नाही. वीज उपकेंद्राचा विस्तार अर्जदाराच्या खर्चाने व्हावा आणि त्याचा भार शेजारच्या भट्ट्यांच्या पुरवठ्यावर पडू नये, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.

रोजगाराविषयी थोडक्यात सांगायचे तर बांधकामाच्या काळातील गर्दी टिकत नाही. विद्युत तंत्रज्ञ, शीतयंत्रणेची देखभाल करणारे, काही अभियंते आणि सुरक्षारक्षक एवढ्यांवर केंद्र चालते.

हे बेळगावजवळचे होनगा. महामार्गालगतच्या या वसाहतीत मोकळ्या भूखंडावर गवत कमरेएवढे वाढले आहे. 1966 च्या कायद्याने स्थापन झालेले कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ अशा जमिनी उद्योगासाठी संपादित करून भूखंड पाडते. कुंपणापलीकडे भाताचे शेत आहे, आणि बांधावर उभ्या असलेल्या काकांना आम्ही फलकावर काय लिहिले आहे असे विचारले, तेव्हा ते हसले, कारण फलक कन्नड आणि इंग्रजीत आहे. येथे डेटा सेंटरची जाहीर सूचना निघालीच, तर तिची मराठी प्रत त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. पाण्याचा कोणता मार्ग निवडला आहे आणि किती मेगावॉटची मागणी आहे, हे दोन आकडे त्यात ठळक छापलेले असावेत.

उद्यमबागेत संध्याकाळ झाली आहे. सकाळी ओतलेले साचे फोडले जात आहेत. काळी वाळू एका बाजूला चाळली जाते आणि अजून हाताला चटका देणारी कास्टिंग फेटलिंगकडे, म्हणजे कडा घासून साफ होण्यासाठी, निघाली आहेत. सकाळचाच मोल्डर त्यांतील एक नग चिमट्याने उलटा करतो, सांध्याच्या जागी वाकून पाहतो आणि तो चांगल्या मालाच्या ढिगावर टाकतो.