नाणेघाटातल्या वीस ओळी

(दृश्य : वैशाखरेच्या बाजूची चढण. पहाट, धुकं. दगडांवर पावलं.)

या दगडांवर भर उन्हाळ्यातही पाय घसरतो. दोन हजार वर्षांच्या येण्याजाण्यानं ते झिजलेत. खाली मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे, वर जुन्नर तालुक्यातलं घाटघर, आणि मधे सह्याद्रीच्या कड्यातून वर काढलेली ही नाणेघाटाची वाट. कल्याण आणि सोपाऱ्याच्या (आजच्या नालासोपाऱ्याच्या) बंदरात उतरलेला माल इथून चढायचा, जुन्नरला पोचायचा आणि पुढे पैठण, तेर या जुन्या बाजारपेठांकडे जायचा.

(दृश्य : कड्यातली पाण्याची टाकी. पाण्यावर वाऱ्याची लहर.)

ही टाकी पाहा. चढताना दम कुठे लागणार, ओझ्याची जनावरं कुठे अडणार, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनीच ही जागा नेमली असणार. आम्हीही इथेच बसलो.

(दृश्य : लेण्याचं तोंड. आत अंधार.)

आणि हे लेणं. आत शिरल्यावर आधी काहीच कळत नाही. ओल आहे, शेवाळ आहे, चुलीची काजळी आहे. टॉर्च समोरून मारली तर भिंत सपाट दिसते. ती भिंतीच्या कडेला, अगदी तिरपी धरावी लागते.

(निवेदन नाही. तिरप्या उजेडात अक्षरं एकेक करून उठतात.)

डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजव्या भिंतीवर दहा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, आणि काळ इसवी सनाच्या आधीचा. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा लेख म्हणून ओळखला जातो. सुरुवातीला नमन आहे : धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना (म्हणजे बलराम-कृष्णांना), चंद्र-सूर्यांना, दिशा राखणाऱ्या चार लोकपालांना. मग यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय, आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा, आणि ती आकड्यांत. गाई किती, घोडे किती, हत्ती किती. एके ठिकाणी कार्षापण नाण्यांचा आकडा आहे २४,४००.

(दृश्य : एका अंकावर कॅमेरा स्थिर.)

या आकड्यांपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. चार म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह असतं ना, तसं. सात आणि नऊ पाहिले की ओळखीचं कुणीतरी लहानपणीच्या फोटोत दिसावं तसं वाटतं. शून्य अजून आलेलं नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चार हजार लिहायचे असतील तर हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडायची. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक. आपल्या शाळांच्या गणिताच्या पुस्तकात पहिल्या पानावर ही भिंत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : मागची भिंत. वर अक्षरांची पट्टी, खाली रिकामा दगड.)

मागच्या भिंतीवर आठ प्रतिमा होत्या. राजघराण्याच्या, आणि डोक्यावर प्रत्येकाचं नाव. सिमुक सातवाहन. देवी नागनिका आणि राजा सातकर्णी. कुमार भाय. महारठी, म्हणजे मोठा सरदार, त्रणकयिर. कुमार हकुसिरी. कुमार सातवाहन. प्रतिमा गेल्या. काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या मागे राहिल्या. ही सात नावं मात्र राहिली, म्हणून आपल्याला कळतं की इथे कोण उभं होतं.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स या लेण्यापर्यंत पोचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी प्रतिमा आणि अंक बारकाईनं अभ्यासले, आणि १८८३ मध्ये जर्मन संस्कृतपंडित ब्यूलर यांनी लेखाचा पाठ छापला. त्या छापील पाठातही ठिकठिकाणी जागा रिकाम्या आहेत. दगडाचा पापुद्रा तेव्हाच सुटलेला होता. पाणी झिरपतं, उन्हात खडक फुगतो, थंडीत आकसतो. निसर्गाचं हे काम सावकाश चालतं.

(दृश्य : भिंतीवर कोरलेली नावं. बदाम. खडूनं भरलेली ब्राह्मी अक्षरं.)

हे सावकाश झालेलं नाही.

खडू भरणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. फोटोत अक्षर नीट यावं, एवढंच. पण खडू पुसायला ओला फडका फिरतो, फडक्याबरोबर कण निघतात, आणि अक्षराची धार जाते. गेली की गेली.

(दृश्य : पावसाळी रविवार. घाटमाथ्यावर गाड्यांची रांग. वाऱ्यानं उलटा उडणारा धबधबा.)

पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वारा परत वर फेकतो. ते बघायला माणसं येतात, आणि का येऊ नयेत? हा डोंगर सगळ्यांचा आहे. अडचण नेमकी इथूनच सुरू होते. लेणं केंद्राच्या संरक्षित स्मारकांत मोडतं. भोवतीचं रान वनखात्याच्या हद्दीत येतं. माथ्यावर पुणे जिल्हा, उतारावर ठाणे जिल्हा. गर्दी आवरायची तर पोलीस, कचरा उचलायचा तर ग्रामपंचायत. जागा सरकारी आहे, पण सरकार म्हणजे एक माणूस नव्हे.

साधी चौकी घ्या. पावसात रखवालदारानं उभं कुठे राहायचं? १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. हा नियम चांगलाच आहे. तो नसता तर लेण्याच्या तोंडाशी हॉटेल उभं राहिलं असतं. पण १०० मीटर सोडून मागे सरकावं तर वनजमीन, आणि तिथे १९८० चा वनसंवर्धन कायदा. स्वच्छतागृह, कठडा, माहितीचा फलक, सगळ्याची फाइल याच दोन कायद्यांमधून फिरते. त्याच स्मारक कायद्यात विद्रूपीकरणाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. त्यासाठी आधी कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

(दृश्य : घाटमाथ्यावरचा दगडी रांजण. आत पावसाचं पाणी, प्लास्टिकची बाटली.)

जकातीचा रांजण. घाट चढून आलेला व्यापारी इथे जकात टाकायचा, असं परंपरा सांगते.

(दृश्य : घाटघरचे एक आजोबा, लेण्याच्या उंबऱ्यापाशी चपला काढताना.)

आजोबांना ब्राह्मी येत नाही. पर्यटकांना ते एवढंच सांगतात, "हात नका लावू, बाबांनो, जुनं हाय." आम्ही होतो त्या तासाभरात निम्म्या लोकांनी ऐकलं. त्यांना यासाठी कुणी नेमलेलं नाही. गावातल्या अशा चार-सहा जणांना मानधन, ओळखपत्र आणि एक छत्री दिली तर त्यासाठी कुठलंही बांधकाम लागणार नाही, १०० मीटरचा प्रश्न येणार नाही. सोबतीला दोन्ही भिंतींचं त्रिमितीय स्कॅनिंग व्हावं, आणि ते कुणालाही पाहायला खुलं असावं.

(दृश्य : संध्याकाळ. गाड्या परतताहेत. धुकं लेण्याच्या तोंडापर्यंत आलेलं.)

सहा वाजता माथा रिकामा झाला. आम्ही कॅमेरा आवरत होतो, तेव्हा पाठीवर सॅक लावलेली पाच मुलं खालून चढून आली. कॉलेजातली, नम्र, थकलेली. दोघांच्या हातात वाळकी लाकडं होती. आज रात्री लेण्यात मुक्काम करता येईल का, असं त्यांनी आम्हालाच विचारलं.

(निवेदन नाही.)