फर्डिनंडला कोणी किती वेळ पाहिलं?

नमस्कार. आज समोर शिक्षक बसले आहेत, पालक बसले आहेत, काहींच्या मांडीवर मुलंही आहेत. म्हणून मी विषय छोटाच घेतला आहे. लहानपणी मला फार आवडलेलं एक चित्रांचं पुस्तक मी आता मोठेपणी पुन्हा नीट वाचलं. त्याबद्दल बोलते.

पुस्तकाचं नाव ‘द स्टोरी ऑफ फर्डिनंड’. १९३६ साली ते अमेरिकेत निघालं. शब्द मन्रो लीफ यांचे, चित्रं रॉबर्ट लॉसन यांची. रंग कुठेच नाही, नुसत्या काळ्या रेघा. आमच्या मावशीने परदेशातून ते आणलं होतं आणि आई चित्रं दाखवत गोष्ट मराठीतून सांगायची.

गोष्ट स्पेनमधली. फर्डिनंड नावाचा एक गोऱ्हा. बाकीचे गोऱ्हे दिवसभर उड्या मारतात, एकमेकांना डोकी भिडवतात. हा मात्र कॉर्क ओकच्या सावलीत बसून फुलांचा वास घेतो. मोठे झाल्यावर बाकीच्या सगळ्यांना एकच ध्यास: माद्रिदला माणसं रिंगणात वळूशी झुंजतात, त्या झुंजीसाठी आपली निवड व्हावी. एक दिवस चित्रविचित्र टोप्या घातलेली पाच माणसं वळू निवडायला येतात. नेमका त्याच वेळी फर्डिनंड खाली बसतो तो एका भुंग्यावर. भुंगा डंख मारतो आणि हा फुरफुरत, ढुशा देत, जमीन उकरत सैरावैरा पळत सुटतो. टोपीवाले आनंदाने ओरडतात, असाच तर हवा होता! गाडीत घालून त्याला माद्रिदला नेतात. रिंगणात सगळे त्याला घाबरलेले असतात. आणि फर्डिनंड मधोमध जाऊन बसतो, प्रेक्षकांतल्या बायकांनी केसांत माळलेल्या फुलांचा वास घेत. काही केल्या तो उठत नाही. मॅटाडोरला, म्हणजे वळूशी झुंजणाऱ्या माणसाला, आपलं कसब दाखवायला मिळत नाही, म्हणून तो रडतो. शेवटी फर्डिनंडला घरी पोचवावं लागतं.

लहानपणी याचा बोध मला सांगितला गेला तो असा की, आपण आपल्यासारखं राहावं. जगभर या पुस्तकाचा हाच बोध सांगतात. तो खोटा नाही, पण आता वाचताना मला तो अपुरा वाटतो. फर्डिनंड मुद्दाम काही ठरवतच नाही. त्याला बसायला आवडतं, तो बसतो. त्याच्या बाजूने धडा काढायला गेलं तर हातात फारसं काही येत नाही. त्याच्याकडे बघणाऱ्यांकडे मात्र लक्ष दिलं की गोष्ट एकदम खोल होते. टोपीवाल्यांनी त्याला एक मिनिट पाहिलं. आईने त्याला कितीतरी वर्षं पाहिलं होतं. मला या पुस्तकाबद्दल म्हणायचं आहे ते एवढंच.

आधी टोपीवाले. ते दुष्ट नाहीत. ते आपलं काम करायला आलेत. त्यांनी जे पाहिलं तेही खरंच होतं, वळू खरोखर उधळला होता. फक्त तो का उधळला, हे कोणी विचारलं नाही. आपल्याकडे बाजारात बैल घेणारा शेतकरी दात बघतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो, चार माणसांना विचारतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण टोपीवाल्यांसारखे वागतो. दहावीला गणितात गुण चांगले पडले की चालला लातूरला, नाहीतर कोट्याला. गॅदरिंगमध्ये मुलगी एकदा छान नाचली की लगेच क्लास, स्पर्धा, व्हिडिओ. त्या दिवशी भुंगा कुठला चावला होता, हे बघायला कोणाला सवड असते?

आणि याचं उलटंही होतं, हे शिक्षकांना मला आवर्जून सांगायचं आहे. एका वाईट दिवशी मूल उधळतं आणि वर्षभर ‘मारकुटा’ म्हणून ओळखलं जातं. फर्डिनंडच्या वाट्याला चुकून कौतुक आलं. पुष्कळ मुलांच्या वाट्याला चुकून शिक्का येतो.

खऱ्या झुंजीची थोडी माहिती घेतली तेव्हा गोष्ट मला आणखी धीट वाटली. झुंजीचे वळू स्पेनमध्ये खरोखरच ओकच्या झाडांखालच्या मोकळ्या कुरणांत वाढतात. कॉर्क ओक म्हणजे आपलं सुगंधी फुलांचं बुचाचं झाड नव्हे. हा ओकचाच एक प्रकार. साधारण नऊ वर्षांनी त्याची साल काढतात, तिची बाटल्यांची बुचं होतात आणि झाड जिवंत राहतं. लॉसननी गंमत म्हणून फांद्यांना फळांसारखे बुचांचे घोसच लटकवले आहेत. मोठ्या झुंजीत वळू चार वर्षांचा झाला की रिंगणात येतो आणि तिथून तो बहुतेक मरूनच बाहेर जातो. क्वचित एखाद्याला जीवदान मिळतं, पण ते असामान्य शौर्याने लढणाऱ्याला. जो लढतच नाही, त्याला माणसाळलेल्या बैलांच्या कळपाबरोबर बाहेर काढतात आणि पुढे मारतात. लीफनी हा नियमच उलटा केला. यांच्या गोष्टीत न लढणारा घरी परत येतो. पुस्तकात मृत्यू हा शब्द कुठेही नाही, पण ज्याला झुंज माहीत आहे त्याला तो पानापानावर दिसत राहतो.

आता या पुस्तकाचंच काय झालं ते ऐका. जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि त्याच वर्षी शरदात हे पुस्तक दुकानांत आलं. लीफनी ते त्याआधीच लिहिलं होतं, मित्र लॉसन यांना चित्रं काढायला काहीतरी मिळावं म्हणून, एका दुपारी, तासाभरात. पण मोठ्या माणसांनी त्यात आपापला भुंगा पाहिला. कोणी म्हणालं हा साम्यवादी प्रचार, कोणी म्हणालं फॅसिस्ट, कोणी म्हणालं मुलांना नेभळट बनवणारा शांततावाद. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये त्यावर बंदी आली. नाझी जर्मनीतही ते नकोसं ठरलं. एका गोऱ्ह्याच्या गोष्टीभोवती केवढ्या टोप्या जमल्या!

याच जर्मनीत पुढे येला लेपमन यांनी या पुस्तकाचं जे केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. त्या ज्यू पत्रकार. हिटलरच्या काळात देश सोडून इंग्लंडला गेल्या, युद्ध संपल्यावर उद्ध्वस्त जर्मनीत परत आल्या. १९४६ मध्ये म्युनिकमध्ये त्यांनी देशोदेशींच्या बालपुस्तकांचं प्रदर्शन भरवलं, तेही नाझींनी आपल्या कलेच्या गौरवासाठी बांधलेल्या इमारतीत. फर्डिनंडची गोष्ट त्यांनी स्वतः जर्मनमध्ये आणली आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ३०,००० प्रती छापून मुलांना फुकट वाटल्या. पुढे १९४९ मध्ये त्यांनी म्युनिकमध्ये आंतरराष्ट्रीय बालवाचनालय उभं केलं. ज्या देशाने आपल्याला हाकललं त्या देशातल्या मुलांकडे ही बाई शत्रूची मुलं म्हणून बघू शकली असती. तिने मुलं म्हणून पाहिलं.

आता फर्डिनंडची आई. तिला फक्त दोन-चार ओळी आहेत. लेक एकटा बसतो म्हणून तिला काळजी वाटते. ती त्याला विचारते, बाबा रे, तू इतरांबरोबर खेळत का नाहीस? तो म्हणतो, मला इथे शांत बसून फुलं हुंगायला आवडतं. मग ती नीट बघते आणि तिच्या लक्षात येतं, हा एकटा आहे, पण एकाकी नाही. ती त्याला बसू देते. यातली प्रत्येक पायरी अवघड आहे. काळजी वाटणं सोपं, विचारणं त्याहून कठीण, आणि उत्तर ऐकल्यावर ते खरं आहे का हे आपल्या डोळ्यांनी पडताळून मग मागे सरणं सगळ्यांत कठीण. ‘त्याला आवडतं ते करू दे’ असं न बघताच म्हणणारे पालकही मी पाहिले आहेत. ते मोकळेपण नव्हे, ती बेफिकिरी झाली. मूल खरंच कुढत बसलं असतं तर या आईला ते कळलं असतं, कारण ती जवळ गेली होती.

झुंजीचे वळू पैदा करणाऱ्यांमध्ये असं मानतात की वळूचं धैर्य आईकडून येतं, म्हणून तिथे गायींचीही परीक्षा घेतात. लीफना हे माहीत होतं की नाही, सांगता येत नाही. मला मात्र फर्डिनंडचं रिंगणातलं बसणं हे त्या आईकडूनच आलेलं वाटतं. हजारो लोक ओरडत असताना तो स्वस्थ बसू शकला, कारण त्याचं बसणं कोणीतरी आधी मान्य केलं होतं.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. टोपीवाले त्याला गाडीत घालतात तेव्हा आई कुठे असते? मजकुरात ती पुन्हा येतच नाही. मुलांना ही गोष्ट वाचून दाखवताना मी गाडीच्या पानावर थांबते आणि त्यांनाच विचारते, आता आई काय करत असेल? कोणी म्हणतं गाडीमागे धावत असेल, कोणी म्हणतं तिला कोणी सांगितलंच नसेल. एका मुलीने सांगितलं, ती टोपीवाल्यांना ओरडून सांगतेय की त्याला भुंगा चावलाय, पण त्यांना गायीची भाषा येत नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या घरी हा प्रश्न जरूर विचारा आणि काय उत्तरं येतात ती मला कळवा.