सोबतीला दुसरं पिल्लू

नमस्कार. "आमचा कुत्रा दहा महिन्यांचा झालाय, दिवसभर घरात एकटाच असतो. त्याला सोबत म्हणून एखादं पिल्लू आणावं म्हणतोय." हे वाक्य दवाखान्याच्या बाकावर, सकाळच्या फेरीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सारखं कानावर येतं. हेतू चांगलाच असतो. तरीही पिल्लू बघायला जाण्याआधी एक साधी तपासणी करा. घराबाहेर पडताना हॉलमध्ये मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवून जा आणि परत आल्यावर सगळं चित्रण बघा, पहिला अर्धा तास विशेष नीट.

तुम्ही गेल्या क्षणापासून कुत्रा दाराशी येरझाऱ्या घालतोय, लाळ गाळतोय, दार ओरबाडतोय, विव्हळतोय असं दिसलं, तर त्याला माणसाचा विरह सोसत नाहीये. तिथे दुसऱ्या कुत्र्याचा उपयोग बहुतेक वेळा होत नाही. उलट त्याचं बघून पिल्लूही दाराशी रडायला शिकतं. हा त्रास वेगळा आहे, त्यावर उपचारही वेगळा आहे आणि तो आधी करायला हवा. याउलट कुत्रा शांत झोपला आणि तासाभराने उठून उशी फाडायला लागला, तर तो कंटाळलाय. त्याला हुंगत-हुंगत केलेली लांब फेरी आणि डोक्याला काम हवंय. पिल्लाने कंटाळा जाईल, पण पिल्लाचं सगळं काम तुमच्यावर पडेल. लांब फेरी आणि काम देऊन झालं, आणि बाहेर इतर कुत्रे दिसल्यावर तो सैल अंगाने, आनंदाने त्यांच्याकडे जात असेल, तर दुसऱ्या पिल्लाचा विचार जरूर करा.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. दोन कुत्र्यांची सोबत त्यांना एकत्र सोडून देऊन जमत नाही. सुरुवातीचे आठवडे त्यांना ठरवून वेगळं ठेवावं लागतं. ज्या घरांत ही शिस्त पाळली जाते, तिथले दोघं पुढे एकाच गादीवर झोपताना दिसतात. 'जमवून घेतील आपापसात' म्हणणाऱ्या घरांत पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की भांडणं सुरू होतात.

पहिल्याचं वय काय असावं? साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्रा वयात येत असतो. शिकलेलं विसरल्यासारखं वागतो, हाक कानाआड करतो, हद्द तपासून बघतो. दीड वर्षानंतर पिल्लू आणणं सर्वांनाच सोपं जातं. आधी आणायचंच असेल, तर चार गोष्टी पक्क्या हव्यात: हाक मारल्यावर येणं, 'सोड' म्हटल्यावर तोंडातलं सोडणं, शी-शू बाहेरच करणं आणि रात्री एकटं झोपणं. पिल्लू मोठ्याकडे बघूनच शिकतं, त्यामुळे मोठ्यात जे नाही ते पिल्लात आपोआप येणार नाही आणि मोठ्याची खोड मात्र पंधरवड्यात येईल. एकाच वेतातली दोन पिल्लं एकदम आणू नयेत, तेही याच कारणासाठी. त्यांचं सगळं लक्ष एकमेकांत असतं आणि माणूस त्यांच्या लेखी फक्त वाटी भरणारा उरतो.

पिल्लू निवडताना नर-मादी जोडीत भांडणं कमी होतात, हा बऱ्यापैकी सार्वत्रिक अनुभव आहे. दोन माद्यांचं बिनसलं तर ते मिटणं सर्वांत अवघड. पण लिंगापेक्षा स्वभाव आणि वजन जास्त मोजा. तीस किलोच्या अल्लड लॅब्रॅडॉरसमोर दीड किलोचं शिह त्झूचं पिल्लू असेल, तर नुसत्या खेळात पंजा पडूनही हाड मोडू शकतं. देशी पिल्लू आठ-नऊ आठवड्यांत तीन-चार किलोचं होतं, अंगाने चपळ असतं आणि मोठ्याच्या तडाख्यातून निसटतं. बाकी भावंडांत सर्वांत दांडगट किंवा कोपऱ्यात दबून बसलेलं पिल्लू टाळा. मधलं निवडा, जे तुमच्याकडे येतं, खेळतं आणि मग बाजूला जाऊन झोपतं.

३५-४० दिवसांचं पिल्लू कुणी देऊ केलं तर घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसंबंधी २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि या नियमामागचं कारण तुमच्या घरच्या मोठ्याच्या फार उपयोगाचं आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांना चावतं, भावंड किंचाळून खेळ थांबवतं, आई दटावते. किती जोरात चावलं की खेळ बंद होतो, हे तिथे कळतं. हे न शिकलेलं पिल्लू मोठ्याच्या कानाला लोंबकळतं आणि त्याचा ओठ आखडलेला त्याला दिसत नाही.

आता आजारांचं. पार्वोची (उलट्या-जुलाब करणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची) लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात, डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला त्याहून जास्त. म्हणजे पिल्लू घरी आलं तेव्हा टुणटुणीत असणं हा पुरावा नव्हे. पिल्लू रस्त्यावरून, दुकानातून किंवा निवाऱ्यातून आलं असेल, तर १४ दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं पोछ्याचं फडकं, त्या खोलीत शिरताना वेगळ्या चपला. आधी मोठ्याचं सगळं आवरायचं, मग पिल्लाकडे जायचं, आणि बाहेर येताना हात साबणाने धुवायचे, कारण पार्वोच्या विषाणूवर सॅनिटायझर चालत नाही. साध्या फिनाईलवरही भरवसा ठेवू नका. फरशी आधी साबणाने पुसून घ्या, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. वासाची ओळख व्हावी म्हणून एकमेकांची चादर बदलण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. या १४ दिवसांत तो पाळू नका, कारण चादरीबरोबर खरजेचे किडेही जातात. बंद दाराच्या फटीतून येणारा वास आणि आवाज ओळखीला पुरे.

पिल्लू माहितीच्या घरातून, आईसोबत वाढलेलं, लस-जंतनाशक झालेलं असेल, तर आधी पशुवैद्याकडे शी तपासून, त्वचा आणि गोचीड बघून घ्या. सगळं ठीक निघालं आणि मोठ्याच्या लसी वेळेवर झालेल्या असल्या, तर पहिल्याच दिवशी भेट घालायला हरकत नाही. पिल्लाच्या लसी साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. हा क्रम संपेपर्यंत पिल्लाला भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर, बागेत, आणि विशेषतः पावसाळ्यात पार्किंगच्या डबक्यांत सोडू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) तिथेच पसरतो.

पुस्तकी सल्ला सांगतो की ओळख तिऱ्हाईत जागी करावी. लसी अपुऱ्या असलेल्या पिल्लाला बागेत नेता येत नाही, तेव्हा आपल्याकडे त्याचा व्यवहारी पर्याय म्हणजे इमारतीची गच्ची, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. गच्ची नसेल तर घरातला हॉल, पण आधी त्यातली खेळणी, हाडं, वाट्या आणि मोठ्याची गादी उचलून ठेवा.

माणसं दोन हवीत. मोठ्याला त्याआधी अर्धा-पाऊण तास हुंगत फिरवून आणा, पोट अर्धवट भरलेलं असू द्या. त्याच्या गळ्यात सहा फुटी दोरी बांधा आणि ती सैल ठेवा. दोरी ताणली की त्याची छाती वर येते, मान ताठ होते आणि पिल्लाला ते आव्हान वाटतं. पिल्लू जमिनीवर असू द्या. कडेवर घेतलं की मोठा उडी मारतो आणि पिल्लाला पळायलाही जागा उरत नाही. जवळ एखादी ठेंगणी खुर्ची ठेवा, जिच्याखाली पिल्लू शिरेल पण मोठा शिरणार नाही.

पंधरा फुटांवरून सुरुवात करा. हातात उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे घ्या. मोठ्याने पिल्लाकडे पाहिलं आणि नजर तुमच्याकडे वळवली की तुकडा. असं पाच-सहा वेळा झालं की वळसा घालून जवळ या, सरळ समोरून नको. त्याला पिल्लाचा मागचा भाग तीन सेकंद हुंगू द्या आणि आनंदी आवाजात परत बोलवा. तो आला की पुन्हा तुकडा. हे तीन-चारदा करा आणि पाच ते सात मिनिटांत भेट संपवा, दोघंही मजेत असतानाच. "अजून थोडा वेळ" हाच मोह पहिली भेट बिघडवतो. थकलेलं पिल्लू जास्त चावतं आणि वैतागलेला मोठा त्याला दाबून धरतो.

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हा समज इथे सोडावा लागेल. शेपूट मध्यावर आहे, तिच्याबरोबर कंबरही हलतेय, तोंड सैल उघडं आहे, तर ठीक. शेपूट उंच, कडक, टोकाशीच थरथरतेय, तोंड मिटलंय, अंग गोठलंय आणि नजर पिल्लावर खिळलीय, तर लगेच हाक मारून त्याला बाजूला घ्या. ओरडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लांबूनच सुरू करा.

मग येतात पहिले तीन आठवडे. दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते सेफ्टी गेट लावा, पण गजांमधलं अंतर पिल्लाच्या डोक्याहून कमी आहे ना, ते मोजून घ्या. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, म्हणून वेगळं ठेवणं वाटतं तितकं कठीण नाही: जागं झालं, शू करून आलं, की दहा मिनिटं मोठ्यासोबत, मग पुन्हा आपल्या जागी. दिवसातून असं चार-पाच वेळा पुरे. पहिल्या तीन आठवड्यांत तुमचं लक्ष नसताना दोघांना एका खोलीत ठेवू नका, आंघोळीपुरतंसुद्धा नाही.

जेवण बंद दाराच्या दोन बाजूंना. पिल्लाला तीन-चार वेळा, मोठ्याला दोन वेळा, आणि पंधरा मिनिटांनी वाट्या उचलायच्या. पिल्लाचं खाणं जास्त चरबीचं असतं. मोठ्याने ते रोज फस्त केलं की त्याला जुलाब होतात आणि लोक पिल्लाने आजार आणला म्हणून घाबरतात. हाडं आणि चघळायच्या वस्तू फक्त वेगळे असतानाच द्या. रोज प्रत्येकाला एकट्याची निदान एक फेरी आणि पंधरा मिनिटं शिकवणी द्या. पिल्लाला मोठ्याशिवाय, तुमच्याशिवायही अर्धा तास राहता यायला हवं. ते न जमलेलं पिल्लू, मोठा दवाखान्यात एक रात्र राहिला तरी घर डोक्यावर घेतं.

खेळताना दोघांच्या गळ्यातले पट्टे काढा. खालचा जबडा समोरच्याच्या पट्ट्यात अडकतो, कुत्रा सुटण्यासाठी पीळ देतो, पट्टा आवळतो आणि समोरच्याचा श्वास कोंडतो. असे अपघात मिनिटाभरात होतात. खेळ बरोबरीचा आहे का, हे कळण्याची सोपी खूण म्हणजे पाळ्या बदलणं: मोठा स्वतःहून लोळण घेतो, पिल्लाला वर चढू देतो, मध्येच दोघं थांबून अंग झटकतात. शंका आली तर मोठ्याला धरून ठेवा आणि पिल्लू काय करतं ते बघा. ते परत त्याच्याकडे आलं तर त्याला खेळायचंय. ते खुर्चीखाली गेलं तर खेळ संपला. कधी उलटही करून बघा. पुष्कळदा त्रास पिल्लू देत असतं आणि सुटका मोठ्याला हवी असते.

मोठा गुरगुरला म्हणून त्याच्यावर ओरडू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली, तर पुढच्या वेळी सूचना न देता चावा येतो. दोनदा गुरगुरूनही पिल्लू थांबलं नाही, तर मध्ये पडायचं ते पिल्लाला उचलण्यासाठी. आपली बाजू माणूस घेतो हे मोठ्याला कळलं, की त्याला स्वतः पंच व्हावं लागत नाही.

पिल्लाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात चित्र बदलतं. लहान म्हणून पिल्लाला मिळणारी सूट मोठा काढून घेतो, त्याच सुमारास पिल्लाचे दात पडू लागतात आणि ते सगळं चघळतं. पहिली खरी चकमक बहुधा याच काळात, आणि बहुधा दारात, पाहुणे आल्यावर किंवा तुमच्या मांडीच्या हक्कावरून होते. अशा वेळी हात तोंडाजवळ किंवा गळ्याजवळ घालू नका. डब्याचं झाकण आपटा, पाण्याची बादली ओता, चादर टाका, मध्ये सोफ्याची उशी खुपसा. सुटले की वेगळ्या खोल्यांत, आणि एक-दोन दिवस वेगळेच. दोघांची अंगं केस बाजूला करून तपासा, कारण दाताची छिद्रं वरून दिसत नाहीत. आतापर्यंत शांत असलेला कुत्रा अचानक बिथरला, तर कान, दात, सांधे दुखतायत का ते पशुवैद्याकडून बघून घ्या. माणसाला दात लागून कातडी फुटली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, घरच्या कुत्र्याची लस झालेली असली तरी.

शेवटचं, आणि लोक सर्वांत उशिरा विचारतात ते. नर-मादी जोडी असेल, तर मादी बहुधा सहाव्या ते बाराव्या महिन्यात कधीही पहिल्यांदा माजावर येते, आणि नर सहा महिन्यांच्या आसपास सक्षम होतो. "एकत्र वाढलेत, भावंडांसारखे आहेत" हे त्यांना लागू नाही. माज साधारण तीन आठवडे चालतो, आणि गर्भारपण सुमारे ६३ दिवसांचं. वर्षाच्या आतल्या मादीवर ते लादणं धोक्याचं आहे. नसबंदी कधी करायची हे जात, वजन आणि वाढ बघून पशुवैद्याशी पिल्लू चार महिन्यांचं असतानाच ठरवा. ती होण्याआधी माज आलाच, तर बेडरूमच्या कडीवर किंवा बाळाच्या लंगोटावर विसंबू नका. नर रात्रभर ओरडतो, खाणं सोडतो आणि दार उघडायची एक चूक पुरते. तीन आठवडे दोघांतला एक दुसऱ्या घरी असावा लागतो. ते घर कुणाचं, हे पिल्लू आणण्याआधी त्या माणसांना विचारून नक्की करून ठेवा.