भुशाच्या कांड्यांची शेगडी

नागपूरकडे भरताची वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजली जातात आणि रोडगे गोवऱ्यांच्या आरात पुरले जातात. दोन्ही वेळी विस्तवाजवळ कोणीतरी बसून राहावे लागते. लाकडी पेलेटचे, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या छोट्या कांड्यांवर चालणारे, ग्रिल त्या माणसाची सुटका करते.

1973च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरे उबदार ठेवण्यासाठी हे इंधन पुढे आले आणि 1980च्या दशकात ओरेगन राज्यात त्यावर चालणारे ग्रिल तयार झाले. भुसा दाबला की तो तापतो, लाकडातले लिग्निन मऊ होऊन भुशाला धरून ठेवते, आणि सुमारे 6 मिलिमीटर जाडीच्या कांड्या बनतात. मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या करून जळत्या कुंडीत ढकलतो, पंखा वारा घालतो, आणि नियंत्रक तापमान पाहून दांड्याची गती ठरवतो.

म्हणजे हे यंत्र विजेवर चालते. अमेरिकेतून आणलेले ग्रिल 120 व्होल्टचे असेल, तर आपल्या 230 व्होल्टवर ते थेट लावू नये. बॉयलरसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त कांड्या अन्नासाठी वापरू नयेत, कारण त्यांत नेमके काय दळले आहे हे कळत नाही. पावसाळ्यात कांड्या झाकणबंद डब्यात ठेवाव्यात; ओल लागली की त्या फुगून पुन्हा भुसा होतात आणि दांडा अडकतो.

बोकडाची रान, म्हणजे अख्खी मांडी, 110 अंशांवर काही तास ठेवावी, कारण मंद आचेवरच धूर अधिक मिळतो, आणि हाडाजवळचे मांस 90 अंशांच्या पुढे गेल्यावर ती मऊ होते. (मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात ही हौस कोणाला असेल, ते वेगळे.) सावजी मसाला चोळल्यास हा सौम्य धूर ओळखूही येणार नाही, मीठ, लसूण आणि मिरी पुरेशी आहे. 200 अंशांवर रोडगेही खरपूस होतात. वांग्यांच्या बाबतीत मात्र निराशा होते: ज्वाला आणि जाळी यांच्यामध्ये पत्रा असल्यामुळे साल नुसती सुरकुतते, करपत नाही, म्हणून भरतासाठी तुराट्याच बऱ्या.

काम झाल्यावर प्लग ओढू नये. पंख्याला कुंडीतला विस्तव संपवू द्यावा, नाहीतर तो दांड्यावरून मागे कांड्यांच्या साठ्याकडे सरकू शकतो; वीज अवचित जाते अशा वस्तीत ग्रिल इन्व्हर्टरवर ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.